सळ्यांवरचा हिरवा लेप

हॅलो?… हो ताई, बोल… थांब, दूध उतू जातंय, गॅस बंद करते… हं.

माझ्या सुनेने तुझ्या घराच्या गॅलरीचं काम थांबवलं? हो, केला होता तिने फोन… अगं ऐक ना. भाऊजी कंत्राटदार असले तरी इंजिनिअर ती आहे ना? हौसेने तुम्हीच नेमलंत तिला…

चार ओरखड्यांसाठी थांबवलं, असं कसं म्हणतेस गं? त्या सळ्यांवर हिरवा लेप कशाला असतो? समुद्राचा खारा वारा आत झिरपला तरी लोखंड गंजू नये म्हणून. सळई कापली, वाकवली की तो कुठे कुठे निघतो. तिथे त्याचंच दुरुस्तीचं मिश्रण लावायचं असतं. भाऊजींच्या माणसांनी काय लावलं, विचारलंस?… दाराचा ऑइलपेंट. हिरव्यावर हिरवा… हो, दिसायला अगदी बेमालूम.

तिला कसं कळलं? नखाने खरवडलं. पापुद्राच निघाला हातात… हो, आहेच मला कौतुक. डोक्यावर चढवून ठेवलीय म्हण हवं तर. काँक्रीटची गाडी गेटवर घरघरतेय, समोर साक्षात मावससासरे, आणि ही म्हणते, आज ओतायचं नाही. माझी तर बोबडी वळली असती…

हो, चारचौघांत झालं, भाऊजींना लागलं असणार. त्याचं वाईट वाटतं मला… नाही. 'जाऊ दे' असं मी तिला सांगणार नाही… नाही ताई… नको येऊस मग माझ्याकडे, पण सांगणार नाही.

अगं, ऐकून तर घे. त्या गॅलरीच्या खाली कोण बसणार आहे?… तूच ना, नातीला घेऊन? आतली सळई गंजली की फुगते, वरचं काँक्रीट फोडते. आपल्या बाबांच्या खांद्यावर काय पडलं होतं? शेवटपर्यंत त्यांना डाव्या हाताने सदरा घालता आला नाही, बटणं तूच लावायचीस…

हॅलो?… ताई, आहेस ना?

कोण, भाऊजी?… म्हणजे फोन स्पीकरवर होता? बरं झालं, मला पुन्हा सांगायला नको… काय म्हणालात?… परत पाठवताय गाडी? आणि रंग?… सगळा खरवडणार… बरं.

पण हे मला कशाला सांगताय? ती अजून तिथेच असेल ना, गाडीसमोर?… उन्हात?… मग जा की, तिलाच सांगा. आणि आधी सावलीत बसवा, सकाळपासून पोटात काही नाही तिच्या… हो. ठेवते मी.