पहिल्या पसंतीचं विद्यापीठ

मंडळी, आज एकच प्रश्न घेऊन उभा आहे. देवापुढं हात जोडून आपण मागतो, रोज मागतो! पण जे मागतो, ते आपल्याला खरंच हवं असतं का? की चारचौघांत बरं दिसतं म्हणून मागतो? ...हसू नका! सगळ्यांत आधी आमचे मृदंगवालेच हसले, म्हणजे कुठंतरी लागलंय!

आणि पुढचं ऐका. नको ते मागितलं, आणि त्यानं देऊन टाकलं, तर? त्याला काय, तो देणाराच आहे! मग कुठं पळाल?

गाव देवळेवाडी. तिथं गोरख डोंबाळ्यांची पिठाची गिरणी. सगळा गाव त्यांना गोरखआप्पा म्हणायचा. माणूस सरळ, कष्टाळू, बोलायला गोड. खोड एकच, लोक काय म्हणतील याची भारी काळजी! आता गिरणी म्हणजे काय हो? बायाबापड्या डबा ठेवतात, दळण होईपर्यंत ओट्यावर बसतात, आणि गावात कुणाचं काय चाललंय ते सगळं तिथं दळलं जातं. त्या ओट्यावर आपलं नाव चांगलं निघावं, एवढीच आप्पांची हौस.

त्यांना एकुलती एक लेक, ऋतुजा. पोरगी गिरणीतच वाढलेली. ज्वारीचा दाणा दाताखाली धरायची आणि सांगायची, "काकू, अजून ओल आहे. दोन दिवस ऊन दाखवा, मग आणा." गिरणीचा दगड गुळगुळीत झाला, टाकी लावून खडबडीत करायची वेळ झाली, हे आप्पांच्या आधी तिला नुसत्या आवाजावरून कळायचं. आणि एका गोष्टीनं तिच्या डोक्यात घर केलं होतं. बाजरीचं पीठ आठ दिवसांत कडू का होतं? बापाला विचारलं. बाप म्हणाला, "होतं! बाजरी आहे ती!" झालं उत्तर!

बारावी झाली, प्रवेश परीक्षा झाली, मार्क चांगले पडले. आता विद्यापीठ कुठलं निवडायचं? बाप-लेक दोन ठिकाणं बघून आले. पहिलं मोठ्या शहरातलं. नाव घेतलं की समोरच्यानं वळून बघावं असं! केवढी ती कमान, केवढ्या त्या काचा! आप्पांनी कमानीखाली तीन फोटो काढून घेतले, तिसऱ्यात टोपी सरळ आली. ऋतुजानं माहिती देणाऱ्या साहेबांना विचारलं, "इथं धान्यावर काही शिकवतात का?"

साहेब म्हणाले, "बेटा, आमच्याकडं कॉम्प्युटर घे. सगळे तेच घेतात."

वाईट नाही बोलले हो! चांगलंच विद्यापीठ ते, हजारो पोरांचं भलं झालं तिथं. पण हिला जे शिकायचं होतं, ते तिथं नव्हतं. एवढंच.

दुसरं विद्यापीठ गावापासून दीड तासावर. भिंतींचा रंग उडालेला, कँटीनचं छत गळकं. पण अन्नतंत्र विभागात पाऊल टाकलं आणि पोरगी दारातच थांबली. आत गिरणी! छोटीशी, प्रयोगाची. तिथल्या प्राध्यापक डॉक्टर वासंती बनसोडे हाताला पीठ लागलेलं, तशाच बाहेर आल्या. ऋतुजानं बाजरीचं विचारलं. बाई हसल्या. म्हणाल्या, "कडू का होतं, ते मी तुला शिकवीन. ते होऊ कसं द्यायचं नाही, ते तू शोध. ये."

मंडळी, 'ये' म्हणणारं माणूस भेटायला भाग्य लागतं! परतताना बसमध्ये पोरगी एकटीच गालात हसत होती. आणि आप्पा? आप्पा कमानीखालचे फोटो बघत होते.

आता अर्ज. पूर्वी कॉलेजात जाऊन नाव घालायचं. आता तसं नाही. कॉम्प्युटरवर पसंतीक्रम भरायचा. एक नंबरला कोण, दोन नंबरला कोण, तीनला कोण. आणि त्या वर्षीचा नियम असा, की पहिल्या नंबरची जागा लागली की विषय संपला! पुढच्या फेरीत तुमचं नाव नाही. तुम्हीच पहिली पसंती म्हणालात, तुम्हाला दिली. आता काय तक्रार?

सेतू केंद्रात इलाही मुलाणी सगळ्यांचे अर्ज भरून द्यायचा. ऋतुजा म्हणाली, "इलाहीदादा, एक नंबरला दीड तासावरचं, अन्नतंत्र."

आप्पा खाकरले. "थांब. एकला मोठं घाल."

"आप्पा, मला तिथं जायचंच नाही!"

"अगं, जायचं कुठंय? तिथला कटऑफ माहीत आहे ना? तिथं आपला नंबर लागतोय होय! नुसतं लिहायला काय जातंय? उद्या गिरणीवर कुणी विचारलं, तर सांगता येईल, पोरीनं एक नंबरला ते टाकलं होतं. थोडक्यात हुकलं!"

बघा! न मिळण्यासाठी अर्ज करणारा माणूस तुम्ही पाहिलाय का? मी पाहिलाय. मी रोज दाढी करताना आरशात पाहतो!

इलाहीनं हात थांबवला. "आप्पा, लागली तर परत फिरता येत नाही बरं का. नीट विचार करा."

"लागत नाही रे बाबा. दाब बटण."

ऋतुजानं बापाकडं पाहिलं. बापाचं मन मोडायची सवय नव्हती तिला. बटण दाबलं गेलं.

पंधरा दिवसांनी यादी लागली. त्या वर्षी काय झालं देव जाणे, कटऑफ घसरला, आणि ऋतुजा गोरख डोंबाळे, पहिली पसंती, जागा मंजूर!

गावात पेढे! चौकात फ्लेक्स! फ्लेक्सवर सरपंच, उपसरपंच, दोन्ही मामा, डेअरीचे चेअरमन, आणि खाली कोपऱ्यात पोस्टाच्या तिकिटाएवढी ऋतुजा! ओट्यावर नुसतं कौतुक चाललेलं. आप्पांचे पाय जमिनीवर नव्हते. पोरगी मात्र मान खाली घालून लोकांचं दळण दळत होती. आई सुमनबाई एवढंच म्हणाल्या, "अहो, पोर जेवत नाही नीट." आप्पा म्हणाले, "आनंदानं होतं तसं."

प्रवेश पक्का करायला बाप-लेक शहरात गेले. तीच कमान, त्याच काचा. खिडकीतल्या बाईंनी एक कागद दिला. "हे भरून द्या." नाव, गाव, मार्क, सगळं भरलं. शेवटी एक प्रश्न होता: आमचं विद्यापीठ आपण का निवडलं? खाली दोन ओळी मोकळ्या.

ऋतुजाचं पेन थांबलं. रुसली नाही, रागावली नाही. शांतपणे बापाकडं वळून तिनं विचारलं, "आप्पा, सांगा. काय लिहू?"

खरंच विचारत होती हो ती! टोमणा नव्हता.

आप्पांनी तोंड उघडलं. लिही, म्हणायचं होतं... काय लिही? गिरणीवर सांगायला बरं पडतं म्हणून? चेअरमन फ्लेक्सवर आले म्हणून? ज्या माणसाला ओट्यावर शब्द कमी पडले नाहीत, त्याला दोन ओळी भरता येईनात! मागं रांग उभी. कुणाची पोरं भराभरा लिहीत होती, त्यांना खरंच तिथं यायचं होतं. आप्पांना वाटलं, आपण यांच्यातल्या कुणाच्या तरी जागेवर येऊन बसलोय.

"चल," आप्पा म्हणाले.

"कुठं?"

"घरी. ही जागा सोडू."

"आप्पा, मग या वर्षी कुठंच नंबर लागायचा नाही!"

"माहीत आहे, बाळा." आणि मंडळी, तिथंच, त्या काचेच्या दारात, बापाचे डोळे भरून आले. "चूक माझी आहे. वर्ष मात्र तुझं जाणार. मला माफ कर."

तसंच झालं. तिथून परस्पर बनसोडेबाईंकडं गेले. बाईंना वाईट वाटलं, पण जागा भरलेल्या. नियम म्हणजे नियम. "पुढच्या वर्षी ये," म्हणाल्या.

गावात आल्यावर आप्पांनी स्वतः शिडी लावून फ्लेक्स उतरवला. आणि मग वर्षभर, ओट्यावर जो जो डबा घेऊन आला, ज्यानं ज्यानं विचारलं, "पोरगी घरी कशी हो?" त्याला गोरखआप्पा गिरणीचा पट्टा बंद करून, नीट ऐकू जाईल असं सांगायचे, "तिचं काही चुकलं नाही. लोकांना दाखवायला म्हणून मी तिला नको ते लिहायला लावलं." ज्यांची भीती आयुष्यभर वाटली, त्यांनाच रोज सांगायचं! पहिल्या महिन्यात मान वर होत नव्हती. दिवाळीनंतर आवाज कापायचा थांबला.

पुढच्या वर्षी पोरीनं अर्ज भरला, बाप केंद्राच्या बाहेर बाकावर बसून राहिला. आज ती अन्नतंत्राच्या तिसऱ्या वर्षाला आहे. मिळालं, पण एक वर्ष उशिरा. आणि मंडळी, ज्या लोकांसाठी पसंतीची ती पहिली ओळ भरली होती, त्यांच्यातला एक तरी माणूस आला का हो, ते वर्ष भरून द्यायला?

कुणीसुद्धा नाही!

आता तुमच्याकडं वळतो. इथं बारावीच्या पोरांचे आई-बाप बसलेत, मला दिसतंय. आज घरी गेल्यावर पोराला जवळ घ्या, विचारा, तुला काय हवंय? आणि विचारून झालं की गप्प बसा! फार अवघड आहे ते, मला माहीत आहे. पण बसा. आणि ज्यांना पोरं नाहीत, ज्यांची शिकून झाली, त्यांनीही सुटलो म्हणू नये. उद्या सकाळी देवापुढं उभे राहाल, काहीतरी मागाल. त्यानं जर विचारलं, "देतो, पण हे का हवंय ते सांग," तर तुमच्याकडं दोन ओळी आहेत का?

नसतील तर आज मागू नका. नुसतं त्याचं नाव घ्या. टाळ उचला... हळू आवाजात घेतलं तरी चालेल.