घाबरत म्हटलेली प्रार्थना

समारंभाचे अध्यक्ष, आमच्या खाणवस्तीचे नगरप्रमुख श्री. व्होइतास, आजपासून आमचे असलेले नवे धर्मगुरू फादर लेशेक, निरोपाचे मानकरी फादर गेरार्ड, आणि सवयीप्रमाणे पुढची बाकं रिकामी सोडून बसलेल्या माझ्या बंधुभगिनींनो,

फादर गेरार्डांच्या चौतीस वर्षांच्या सेवेबद्दल मान्यवर बोललेच. मी, खाणीतल्या तेओफिलची बायको लुत्सिया, एकाच सकाळबद्दल बोलणार आहे. सांभाळून घ्या.

एकोणीस वर्षांपूर्वी दहाच्या सुमारास भोंगा वाजला. अवेळी भोंगा म्हणजे काय, हे इथं कुणाला सांगायला हवं का? खाली स्फोट होऊन दोघं अडकले होते : माझा तेओफिल आणि फादरांचा धाकटा भाऊ आखिम. आम्ही बायका होतो तशा चर्चमध्ये धावलो. फादरांनी प्रभूची प्रार्थना सुरू केली, आणि 'तुझी इच्छा पूर्ण होवो' इथं येऊन अडले.

"फादर, म्हणा की पुढं," कुणीतरी म्हणालं.

"भीती वाटते," ते म्हणाले. "मी म्हटलं आणि त्यानं खरंच ऐकलं तर?"

गेरट्रुडाआजींची दोन मुलं खाणीनं नेली होती. त्या म्हणाल्या, "पोरा, मी काय धीट आहे म्हणून म्हणते होय? घाबरत घाबरतच म्हण."

त्यांनी म्हटलं. सगळ्यांनी म्हटलं. माझे नुसते ओठ हलत होते. आत मी मागत होते, 'दुसऱ्याला ने, माझा ठेव.'

दुपारी तेओफिल चालत वर आला. आखिमला स्ट्रेचरवरून आणलं, तोंडावर चादर ओढून. भावाकडे जाण्याआधी फादरांनी तेओफिलला मिठी मारली. देवानं माझंच ऐकलं की काय?

वर्षभर मी प्रार्थना टाळली. शेवटी पापनिवेदनात सगळं सांगून टाकलं. फादर म्हणाले, "लुत्सिया, मीही तेच मागत होतो. तेओफिलला ने, म्हणून. देवाचं मन आपल्याकडे वळवायला निघालो होतो आपण दोघं. आता रोज माझंच मन त्याच्याकडे ओढत नेतो. रोज भीती वाटते. तरी म्हणतो."

हे त्यांना विचारूनच सांगतेय.

माझी भीती गेली का? नाही. गेल्या महिन्यात आमचा धाकटा खाणीत लागला. तो घराबाहेर पडला की मी भोंग्याकडे कान लावून बसते. पण 'दुसऱ्याला ने' आता म्हणत नाही.

तेओफिल, तू हे पहिल्यांदाच ऐकतोयस. घरी बोलू.

फादर, तुमचे आभार मानायला शब्द नाहीत; संयोजकांनी मला बोलू दिलं, त्यांचेही आभार. बोलण्यात काही चुकलं असेल तर सर्वांनी पदरात घ्यावं. आणि आखिम, त्या सकाळी मी जे मागितलं, त्याची तूही क्षमा कर.