अर्धा तास ताठ

...आणि वर मलाच म्हणतात, "अर्ध्या तासाचा तर प्रश्न आहे!" अर्धाच तास! तुम्हाला सांगतो, ज्यानं कुणी हा अर्धा तास शोधून काढला ना, त्यानं एकदा आमच्या गावी, मसाक्याला यावं, केळीच्या बागेतून सरळ आमच्या अंगणात यावं आणि रविवारी सकाळी माझे गुडघे बघावेत. बघावेतच! अहो, मी जन्मभर खुर्चीवर बसलेला माणूस. आमच्यात पुरुष खुर्चीवर, बायका चटईवर, आणि सकाळी बायको समोर येऊन दोन्ही गुडघे टेकते, वाकते, "रात्र बरी गेली ना, अहो?" म्हणते, आणि आपण म्हणायचं, "हूं." एवढंच काम. आणि ते मी चांगलं करत होतो!

पण मग आमची ही, नानतेझा, पडली. पडली म्हणजे झाडावरून नाही, गाडीवरून नाही, अंगणात नुसती धपकन पडली, हात टेकला आणि मनगट कट्कन... सुक्या काटकीसारखं! नेली राजधानीत, कंपालाच्या दवाखान्यात. तिथल्या डॉक्टरीणबाई आमच्या नातीच्या वयाच्या. हाडांचा फोटो काढला आणि म्हणाल्या, "आजी, पाळी गेली की हाडांतला चुना सुटायला लागतो. तुमची हाडं विरलीत. आता जपा. पुढच्या वेळी खुबा मोडला तर अंथरूण धराल. आणि दुसरं म्हणजे, हाडांतला चुना कमी होतो त्याच वयात बऱ्याच बायकांच्या रक्तवाहिन्यांना आतून चुना धरतो. किटलीला धरतो ना, तसा."

नानतेझानं जरा विचार केला. "म्हणजे तो कुठं गेलाच नाही! घरातल्या घरात खोली बदलली मेल्यानं! मग दटावून परत पाठवा की त्याला!"

डॉक्टरीणबाई खुर्चीवरून पडायच्या राहिल्या. "ते अजून कुणाला जमलं नाही, आजी. ही गोळी हाडांची. रक्तवाहिन्यांनाही तिचा उपयोग होतो असं काही जण म्हणतात, काही नाही म्हणतात, नक्की कुणालाच ठाऊक नाही. त्यांच्यासाठी मीठ कमी करा, रक्तदाब तपासत राहा आणि रोज चाला."

त्या दोघी हसत होत्या हो, पण मी तिकडे 'अंथरूण धराल' इथंच अडकलो होतो. ज्या घरात ही चालत-फिरत नाही, त्या घरात मी खुर्चीवर बसून कुणाला 'हूं' म्हणू? सांगा ना!

तर गोळी आठवड्यातून एकदाच. रविवारी. उठल्याबरोबर, उपाशीपोटी, पेलाभर साधं पाणी, चहा नाही, आणि मग अर्धा तास ताठ! आडवं व्हायचं नाही, वाकायचं नाही, नाहीतर गोळी वर येऊन अन्ननळी भाजते. अर्धाच तास! पहिल्या रविवारी हिनं गोळी हातात घेतली, माझ्याकडे पाहिलं आणि गोळी परत डबीत ठेवली.

"काय झालं?"

"वाकायचं नाही म्हणे. मग सकाळी तुमची चौकशी कशी करायची?"

"नको करूस! मी बरा आहे!"

"आणि लोक? म्हणतील, म्हातारी चळली, नवऱ्यासमोर खांबासारखी उभी राहते."

"मग आधी वाक आणि मग गोळी घे!"

"आणि तेवढ्यात वन्सं आल्या तर?"

वन्सं म्हणजे माझी थोरली बहीण, नाबुकेन्या. दर रविवारी प्रार्थनेला जाताना आमच्याकडे येणारच. आमच्याकडे नवऱ्याच्या बहिणीचा मान नवऱ्याच्याही वरचा, आणि अक्का तो मोजून घेते! झालं. रविवारामागून रविवार गेले, गोळ्या डबीत, आणि मी रात्रंदिवस हिच्या पावलांकडे बघतोय, आता घसरते का, मग घसरते का...

शेवटी एका रविवारी मीच पाण्याचा पेला आणला आणि म्हटलं, "तू गोळी घेत नाहीस तोवर मी चहा पिणार नाही." मी! चहा! तिला माझी दया आली. गोळी घेतली. आणि तुम्हाला सांगतो, पाणी घशाखाली उतरतंय न उतरतंय तोच फाटकाशी भाड्याची मोटारसायकल थांबली! मागच्या सीटवरून अक्का उतरली. जांभळा झगा, त्याचे खांदे असे टोकदार, मान त्याहून टोकदार. आली आणि अंगणाच्या मधोमध उभी राहिली. वाट बघत.

नानतेझा ताठ.

"काय गं," अक्का म्हणाली, "मी दिसले नाही, की गुडघे माहेरी ठेवून आलीस?"

हिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं आणि हिची कंबर हळूहळू वाकायला लागली... आणि मला काय झालं ठाऊक नाही, मी खुर्चीवरून उठलो आणि अक्कासमोर धुळीत दोन्ही गुडघे टेकले. "अक्का, रात्र बरी गेली ना?"

मोटारसायकलवाला पैसे घ्यायचे विसरला!

"अरे, तू काय करतोयस?" अक्का किंचाळली. "ऊठ! लोक बघतायत!"

"तिचा अर्धा तास चाललाय, अक्का. तोवर मी आहे."

आणि मागून नानतेझा हसायला लागली. पण वाकायचं नाही ना! ताठ उभी राहून, आभाळाकडे तोंड करून, खदाखदा! मग अक्कालाही राहवेना. बसली. सगळं ऐकलं. चुन्यानं खोली बदलली ते दोनदा ऐकलं. मग हळूच म्हणाली, "मलाही रक्तदाब आहे. आणि माझी हाडं तरी कुणी पाहिलीत?"

पाहिली. दोघीच कंपालाला जाऊन आल्या. तीही विरलेली! आता दर रविवारी दोघी माझ्या अंगणात गोळी घेतात आणि केळीच्या बागेतून चालायला निघतात, गोळी हाडांची, चालणं रक्तवाहिन्यांचं. पुढे त्या दोघी राण्यांसारख्या ताठ, आणि मागे मी. "अहो, काठी पडली." वाका! "अरे, माझी चप्पल." वाका! समोरून कुणी वडीलधारं आलं की दोघी वळून माझ्याकडे बघतात. टेका गुडघे! अर्धाच तास!

वर्ष उलटलं आणि परवा पुन्हा कंपालाला गेलो, या वेळी तिघंही. डॉक्टरीणबाईंनी हिचा नवा फोटो पाहिला आणि हसल्या. "आजी, हाडं सावरलीत." मी डोळे पुसले, खोटं कशाला सांगू? आणि त्याच भरात विचारलं, "मग तो अर्धा तास जरा कमी होईल का? त्यात हिला गुडघे टेकता येत नाहीत, मला टेकावे लागतात."

"गुडघे टेकायला कुणी नको म्हटलंय? कंबरेतून वाकायचं नाही एवढंच. पाठ ताठ ठेवून, कशाला तरी धरून खुशाल टेका. मागच्या वेळी या दोघी आल्या होत्या, तेव्हाच मी हे सांगितलं होतं की!"

मी नानतेझाकडे पाहिलं. ती भिंतीवरचा कागद वाचत होती. अक्काकडे पाहिलं. तीही तोच कागद वाचत होती. दोघींनाही अक्षरओळख नाही!

जाऊ दे म्हटलं, हाडं सावरली होती ना... उठायला गेलो, तर खोलीभर आवाज झाला. कडाड्! डॉक्टरीणबाईंनी माझे गुडघे दाबून पाहिले. "आजोबा, याला गोळी नाही. हे गुडघे टेकणं तेवढं बंद करा."

"करतील की," नानतेझा कागदावरची नजर न काढता म्हणाली. "सोमवार ते शनिवार बंदच असतं. रविवारचा काय तो... अर्धाच तास!"