सखूकाकूचं मृत्युपत्र आणि कावळे

मृत्युपत्र केलं की माणूस सुटला, असं वाटतं तुम्हाला? आमच्या सखूकाकूला वाटत नव्हतं. बहात्तरच्या दुष्काळात मी कोपरगावजवळ मास्तर होतो. काकूला मूलबाळ नव्हतं. घरच्या सामाईक विहिरीला तेव्हाही पाणी होतं, आणि त्यातली आपली पाळी काकूनं मृत्युपत्रात शाळेला लिहून दिली. साक्षीदार मी.

म्हटलं, “काकू, पुतण्यानं पाणी अडवलं तर?”

“दौलत्या कागदाला भ्यायचा न्हाई, कावळ्याला भितो. माज्या दहाव्याला पोरांची सुकडी सकाळीच वाटा, गुरुजी. त्यानं शब्द दिल्याबिगर आवरू नका.”

सुकडी म्हणजे दुष्काळात शाळेत पोरांना मिळणारा खाऊ. ती वाटली, की गावातले सगळे कावळे शाळेच्या पटांगणात असायचे.

दहाव्याला नदीकाठी पिंड ठेवला. ऊन चढलं, तरी कावळा शिवेना. दौलत हात जोडून म्हणाला, “काकू, तुजी म्हैस सांभाळतो!” काही नाही. “घर पडू देत न्हाई!” काही नाही. लोक भुकेनं चुळबुळायला लागले. शेवटी तो ओरडला, “विहिरीची पाळी शाळेला दिली! समद्या गावादेखत दिली!”

मी टोपी काढली. लोकांना वाटलं, गुरुजींनी मान दिला. पलीकडे शाळेच्या पायरीवर उभ्या शिपायानं खूण ओळखली, सुकडीचं पातेलं झाकलं आणि पोरांना आत घेतलं. कावळे उठले ते थेट पिंडावर.

दौलत डोळे पुसत म्हणाला, “गुरुजी, काकूचा जीव त्या पाण्यात अडकला हुता.”

मी टोपी घातली. कावळ्यांचा कशात अडकला होता, ते आज तुम्हालाच सांगतोय.