काटा काही केल्या थांबेना

अरे, कुवेतच्या कस्टममध्ये माझी कशी तंतरली होती, ते सांगतो. मी हॉस्पिटलच्या लॅबमधला माणूस, त्यामुळे बायकोच्या पावात पडणारं यीस्टसुद्धा मला अचूक मोजलेलं हवं. म्हणून ऑनलाइन एक बारीक वजनकाटा मागवला. अचूकता किती ते पाहिलं, खोक्यावरचं चित्र काही पाहिलं नाही. चित्र होतं काडतुसाचं! घरच्या घरी काडतुसात दारू भरणाऱ्यांसाठीचा काटा होता तो. पार्सल कस्टमने अडवलं आणि मला बोलावून घेतलं.

कस्टमच्या साहेबाने मोडक्या हिंदीत विचारलं, "हे कशाला?"

"पावासाठी, सर."

"चालवून दाखव."

मी वजन ठेवलं, पण आकडे थांबेचनात. झालं, माझ्यातला टेक्निशियन जागा झाला. "सर, एसीचा वारा लागतोय, तो बंद करा. आणि तुमचा मोबाइल जरा लांब ठेवा."

त्याने दोन्ही केलं आणि शांतपणे विचारलं, "बरीच प्रॅक्टिस दिसते?"

"हो सर, रोज पावडर मोजतो."

"कसली पावडर?"

माझ्या तोंडचं पाणीच पळालं. नोकरी, व्हिसा, पोरीची शाळा, सगळं डोळ्यांसमोरून गेलं. आणि आकडे आपले नाचतायत! साहेबाने एकदा काट्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. मग दोन बोटांनी माझं कोपर टेबलावरून उचललं. आकडा जागच्या जागी थांबला.

खोकं माझ्याकडे सरकवत तो म्हणाला, "काटा ठीक आहे. पाणी पी आणि घरी जा. एवढा थरथरणारा माणूस पावच भाजणार."