काठीवरचे बोंबील

(बेलापूरच्या खाडीकाठचं दिवाळे गाव. सकाळचे साडेअकरा. पुतळाच्या घराची ओटी. पुतळा आणि तिची सून स्नेहल.)

पुतळा : मीटिंग चार वाजता हाय ना? मग आतापासून तोंड कशाला पाडून बसलीस? जाऊन सांग गटाच्या बायांना, फ्लॅटवाल्यांची पोटं नाजूकच असतात.

स्नेहल : आई, सरोजिनीकाकूंची चार वर्षांची नात दोन दिवस हॉस्पिटलात होती. उलट्या, घाम, डोळे उघडत नव्हती. डॉक्टर बोलले, माश्या मारायचं औषध पोटात गेलंय.

पुतळा : डॉक्टर काय, बोलायचे पैसे घेतात.

स्नेहल : पाकिटावर आपल्या बचत गटाचा स्टिकर. बोंबील माझ्या सोलर ड्रायरमधले. ट्रे मी रोज गरम पाण्याने धुते. जाळीला भोक नाही, पॅनल पुसलेलं, पंखा चालू. आत माशीच शिरत नाही तर औषध कोण मारेल? रात्रभर विचार केला, मला कळतच नाही कुठे चुकलं.

पुतळा : असंल चुकलं कुनाचं. दहा बायांचे हात लागतात.

स्नेहल : चावी माझ्याकडे असते. सगळ्या माझ्याच तोंडाकडे बघणार. हा कागद लिहून ठेवलाय, चूक माझी. ड्रायर बंद करायचा म्हणतायत.

पुतळा : मग होऊ दे बंद. कोंडलेलं ऊन ते. खाडीचा वारा लागल्याबिगर बोंबलाला चव येते काय? तुजा डबा आला आनि बाजारात सगल्यांचे बोंबील सारखेच झाले. आदी गिऱ्हाईक विचारायचं, पुतळाबाय कुठं बसलीय. आता विचारतं, स्टिकर हाय का.

स्नेहल : आणि आधी दर सीझनला आख्ख्या गल्लीला हगवण लागायची, ते पण सांगा ना. मासळीवरून कुत्री चालायची. आता दोन वर्षं झाली, हेल्थ सेंटरच्या सिस्टरनी आपल्या गल्लीत एक सलाइन लावलं नाही. माइकवर माझं नाव घेऊन बोलल्या होत्या त्या, उन्हाने औषधाचा खर्च वाचवला म्हणून. आज त्यांना तोंड कसं दाखवू?

पुतळा : डोलं पूस. कुनीतरी येतंय. अगो, सरोजिनीबाय. या ना, वर या. नात कशी हाय?

सरोजिनी : बरी आहे उन्नती. कालच घरी आणली. बसत नाही मी, पुतळाबाई. हे पाकीट तेवढं द्यायला आले. अर्धं उरलंय, तुमच्या गटाला दाखवा.

स्नेहल : काकू, मी हॉस्पिटलात आले होते. निखिलदादांनी वर सोडलं नाही.

सरोजिनी : कसा सोडेल? बाप आहे तो, मुलगी त्याच्या मांडीवर लुळी पडली होती. स्नेहल, तू शिकलेली. आम्ही सगळ्या सोसायटीत सांगितलं, हिच्याकडचं घ्या, स्वच्छ असतं.

स्नेहल : बघू ते पाकीट.

सरोजिनी : घे.

स्नेहल : हे…

सरोजिनी : काय झालं? काही दिसतंय का?

स्नेहल : नाही. काही नाही. स्टिकर आमचाच आहे. सॉरी, काकू. चूक माझी आहे.

पुतळा : नीट बघितलंस?

स्नेहल : बघितलं, आई.

सरोजिनी : माणसाने नवं करून बघावं, पण खाण्याच्या वस्तूत नको. पुतळाबाई, वीस वर्षं तुमच्या पाटीतलं खातोय आम्ही. खरं सांगू? मी मागायलाच आलेय. ही पोर बरी झाली की भाकरीबरोबर बोंबीलच मागणार, माझ्यावर गेलीय. तुमच्या हातचे असले तर द्या. काठीवर वाळवलेले, जुन्या पद्धतीचे. ही सोलरची भानगड नको. तुमचं मी डोळे मिटून घेते.

पुतळा : नको.

सरोजिनी : संपले का?

पुतळा : संपले नाय. माजे नको नेऊ, बाय. स्नेहल, तू गप का बसलीस? दिसलं ना तुला? मग सांग की.

स्नेहल : आई, जाऊ दे.

पुतळा : काय जाऊ दे? हिच्या डब्यात बोंबील चिरून ट्रेवर निजवतात, सरोजिनीबाय. सपाट निघतात, पट्टीसारखे. आनि हे बघा. अख्खे हायत. शेपट्या वाकड्या, एकाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवलेला. असे जोडीनं काठीवर टांगतात. गावात आता काठीवर मी एकलीच टांगते.

सरोजिनी : पण स्टिकर?

पुतळा : हिच्या कपाटातून घेतले. मना वाचता येत नाय, चिकटवता येतं. माज्या नावानं कुनी घेईना, मग तिच्या नावानं खपवले.

सरोजिनी : आणि औषध?

पुतळा : माश्या लई झाल्या व्हत्या. मिठाच्या पान्यात चिमूटभर पावडर टाकली. या खेपेला हात सैल सुटला असंल.

सरोजिनी : या खेपेला? म्हणजे आधीही टाकायचात?

पुतळा : माश्या झाल्या की.

सरोजिनी : वीस वर्षं?

पुतळा : दरवेली नाय.

सरोजिनी : आणि घरात? तुमच्या नातवाला, केतनला, हेच घालता?

पुतळा : …घरचे येगले सुकवते.

सरोजिनी : मग ठाऊक होतं तुम्हाला.

पुतळा : बाय, बसा. पानी तरी घ्या.

सरोजिनी : आज तुमच्याकडचं पाणी नको मला. स्नेहल, येते गं. तुला बोलले ते परत घेते.

स्नेहल : काकू, जपून. पायरी तुटकी आहे.

पुतळा : गेली. शिवी तरी द्यायची व्हती.

स्नेहल : किती पाकिटं केली होती, आई?

पुतळा : तू ओरड ना माज्यावर.

स्नेहल : ओरडेन. आत्ता वेळ नाही. किती?

पुतळा : बारा. पाच घरात हायत, पिंपामागं. केतनला हात लावू देऊ नको.

स्नेहल : सात गेली. एक हे. बाकीची सहा कुणाकडे? पेन घेतलंय, सांगा.

पुतळा : सगली वलखीची. पाटीशी येऊन हात धरून बोलनारी. लिही, पंपाजवलच्या दिलीपची आई. ती दोन घेऊन गेली. बँकेतली गीतांजली, एक. नामदेव मास्तरांना दोन. आनि तो रबाळ्याला कामाला जातो ना, कृष्णात, त्याच्या बायकोनं एक नेलं.

स्नेहल : कृष्णातची बायको? तिला महिना नाही झाला बाळंत होऊन.

पुतळा : म्हनून तर नेले. तोंडाला चव नाय, म्हनाली. मी तिला दोन बोंबील वर घातले.

स्नेहल : आई…

पुतळा : बघू नको अशी. दुसरं काय बी कर, अशी बघू नको.

स्नेहल : तिला आधी फोन लावते. जेवायची वेळ होत आली.

पुतळा : लाव, पन बोलनार मी. तू बोललीस तर तिला वाटंल डब्याचाच माल वाईट. आनि चार वाजता बी मीच उठून बोलनार. तू कागद फाडून टाक.

स्नेहल : त्या बाया तुम्हाला सोडणार नाहीत.

पुतळा : त्यातल्या अर्ध्यांना मीच बाजारात बसायला शिकवलंय. लाव फोन.

स्नेहल : रिंग जातेय. घ्या. असा धरा.

पुतळा : हॅलो. कृष्णातची बायको का? मी दिवाळ्याची पुतळा… व्हय, तीच. बाल दूध पितो ना?… बरं. जेवलीस तू?… चुलीवर हायत? मग खाली उतरव ते. उतरव आदी, मी थांबते… उतरवलं? आता ऐक, पोरी. ते बोंबील टाकून दे, मांजरालाबी घालू नको… नाय, नाय, सोलरच्या डब्याला काय झालं नाय. सुनेचे बोंबील चांगले हायत, तिचेच घेत जा. हे पाकीट माजं हाय.