अण्णांच्या तारखेला भाग जात नाही

अहो, माणसाचे वाटे कसे करता हो तुम्ही? फणसाचे करा, फ्लॅटचे करा… पण अण्णांचे? सहा महिने अमितकडे अंबरनाथला, सहा महिने ऋताकडे शिरगावला! तुम्हाला सांगतो, कात्रपला अण्णांची नि आमची भिंतीला भिंत, नीलिमावहिनी जाऊन महिना नाही झाला आणि मुलगा-मुलगी बैठक मारून बसले. अण्णा एवढंच म्हणाले, "भाग जात नाही!"

आता हे काय, विचारा! अहो, अण्णांचं लग्न चौदा मे एक्क्याऐंशीचं. तारीख सलग लिहिली, १४०५१९८१, झाली की नाही एक कोटी चाळीस लाखांच्या वरची संख्या? आणि हा नवरदेव मुंडावळ्या सावरत पत्रिकेच्या पाठीवर भागाकार करतोय! तीनने नाही, सातने नाही, तेराने नाही… सत्त्याण्णवपर्यंत आला, तेवढ्यात भटजी ओरडले, "अहो, मुहूर्त टळतोय!" झालं, तिथेच थांबला. घरी बहिणींनी दार अडवलं तर उखाणा ठोकला, "आमच्या तारखेला कशानंच भाग जात नाही, नीलिमाचं नाव घेतल्याशिवाय मी घरात जात नाही!"

मग जन्मभर तेच! भांडण झालं, भाग जात नाही. वहिनी माहेरी निघाल्या, भाग जात नाही. हॉस्पिटलात नळ्या लावलेल्या, तिथेही हात धरून… भाग जात नाही. वहिनी नुसत्या हसायच्या. मला वाटायचं, कंटाळल्या असतील.

तर बैठकीत अमित म्हणतो, "अण्णा, जरा प्रॅक्टिकल व्हा ना यार!" आणि ऋता बिचारी रडतच, "अण्णा, जातो भाग. एकशे तीनने. आईने लग्नानंतर दुसऱ्याच आठवड्यात काढलं होतं. एकशे तीन, दोनशे सत्तावीस, सहाशे एक… तीन अवयव आहेत. म्हणाली, त्यांना सांगू नकोस गं, शंभराच्या आतच दमलेत बिचारे."

अण्णांनी भाग लावून पाहिला. परत लावला. खाली शून्य!

"तिला माहीत होतं… आणि तरी राहिली?" अण्णा म्हणाले. "मग मी आता कशाच्या जोरावर नाही म्हणू?" आणि उठले, बॅग भरायला.

शिरगावला मीच सोडायला गेलो, रिक्षाने. बॅग घेऊन उंबऱ्याशी थांबले. सवय हो! कुठूनही आले की दारात उखाणा, आणि आतून वहिनी, "पुरे झालं, या आत!" तसेच उभे राहिले. "आमच्या तारखेला… शंभरापर्यंत… भाग जात नाही… नीलिमाचं नाव…" पुढचं येईना. मी आपला जिन्याकडे बघतोय. आत या म्हणणारी कुठून आणायची, सांगा ना?

ऋताने ओढणीने डोळे पुसले, म्हणाली, "अण्णा, या ना आत, डास शिरतायत."

गेले. डासांपुढे काय चालतंय हो माणसाचं!